धावणाऱ्याची शिदोरी

पत्र कोणी लिहिले, कोणास लिहिले आणि ते कोणत्या तिथीस पोहोचले, हे इतिहासाची दप्तरे तपशीलाने सांगतात. ते पत्र कमरेस बांधून जो मनुष्य ऊन, पाऊस आणि अरण्य यांतून धावत आला, त्याने वाटेत काय खाल्ले आणि कोठे पाणी पिऊन तहान भागविली, याचा उल्लेख मात्र त्यांत क्वचितच येतो. राज्ये ज्यांच्या पायांवर चालली, त्यांच्या पोटाचा हिशेब शोधावयाचा असेल, तर दप्तरखान्यातून उठून स्वयंपाकघराकडे वळावे लागते. धावणे आणि खाणेपिणे यांचा संबंध आज व्यायामशास्त्राचा विषय मानला जातो. परंतु त्यालाही एक इतिहास आहे. त्या इतिहासात गरिबाच्या मडक्याने आणि विद्वानाच्या प्रयोगशाळेने आळीपाळीने भाग घेतला आहे, आणि विद्वानांनी केलेल्या चुकांची किंमत काही धावपटूंनी आपल्या प्राणांनी मोजलेली आहे. हा इतिहास समजून घेण्यास रायपूर हे शहर फार सोयीचे आहे.

छत्तीसगडचा मराठ्यांशी निकटचा संबंध १७४१ साली आला. नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर यांनी त्या वर्षी रतनपूरच्या राजास नमविले. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून या प्रांताचा कारभार पाहिला आणि त्यांच्यानंतर सुभेदारांची राजवट आली. १८१८ मध्ये इंग्रजांची देखरेख सुरू झाली, तेव्हा कॅप्टन ॲग्न्यू यांनी कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. तेव्हापासून या शहराचे महत्त्व वाढत गेले आणि १ नोव्हेंबर २००० रोजी ते नव्या राज्याची राजधानी झाले. नागपूर आणि रायपूर यांमधील अंतर सुमारे २९० किलोमीटर आहे. भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव आणि दुर्ग या गावांवरून येणाऱ्या रस्त्यास इंग्रजी अमलात ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ हे नाव पडले, आणि रायपूरच्या मध्यातून जाणाऱ्या त्याच्या भागास लोक अजूनही जी. ई. रोडच म्हणतात. १८८० च्या दशकात आगगाडी आली. तिच्या आधी या मुलखातील निरोप माणसांच्या पायांनीच जात असत.

असे निरोप नेण्याच्या दोन पद्धती होत्या, आणि त्यांतील भेद पुढील सर्व विवेचनास उपयोगी पडणारा आहे. पहिली पद्धत जासुदांची किंवा कासिदांची. जासूद बहुधा जोडीने निघत आणि मुक्कामामागून मुक्काम करीत सबंध पल्ला स्वतःच गाठीत. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. तिची वार्ता नानासाहेब पेशव्यांस २४ जानेवारीच्या सुमारास भेलशाजवळ कळली, आणि ती कळली एका सावकारी कासिदाजवळच्या पत्रावरून. सहाशे किलोमीटरांहून अधिक अंतर ती वार्ता अवघ्या दहा दिवसांत तोडून आली होती. म्हणजे दिवसाला वीस कोसांच्या आसपास मजल पडली. दुसरी पद्धत डाकेच्या हरकाऱ्यांची. काही मैलांवर एकेक चौकी असे. हातात घुंगरू लावलेला भाला आणि खांद्यावर टपालाची थैली घेऊन हरकारा आपला टप्पा धावत जाई, पुढच्या चौकीवरील गड्याच्या स्वाधीन थैली करी आणि विसावा घेई. घुंगरांच्या आवाजाने रानातील श्वापदे दूर राहत आणि पुढच्या चौकीवरील मनुष्य उठून तयार होई. टपाल सबंध प्रांत ओलांडून जाई. हरकाऱ्याच्या वाट्यास मात्र तासा-दीड तासाची धाव येई.

कासीद आणि हरकारा हे दोघेही धावणारेच. पण त्यांच्या भुका वेगळ्या होत्या. हरकाऱ्याला निघण्यापूर्वी पोट हलके आणि अंग पाण्याने तृप्त असले, की पुरे होते. त्याचे जेवण परतल्यावर होई. कासिदास मात्र वाटेतच खावे लागे. त्याची शिदोरी वजनाने हलकी, न नासणारी आणि चूल न पेटविता खाता येईल अशीच हवी. भाजलेल्या धान्याचे पीठ, म्हणजे सातू, गुळाचा खडा, चणे, फुटाणे, चुरमुरे, भाकरी आणि कांदा हे पदार्थ उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत वाटसरूंच्या गाठोड्यात एकसारखे आढळतात, ते याच कारणाने. उन्हातून आलेल्यास प्रथम गूळ आणि पाणी पुढे करण्याची महाराष्ट्रातील रीत शिष्टाचार म्हणून टिकली. तिच्या मुळाशी चालून आणि धावून थकलेल्या देहाचे अचूक निरीक्षण आहे. गुळाने त्वरित शक्ती येते, आणि त्याच्या संगतीने पाणी घोटाघोटाने प्यायले जाते.

छत्तीसगडात या ज्ञानाने निराळे रूप घेतले. हा भाताचा मुलूख. डॉ. रा. ह. रिछारिया या कृषिशास्त्रज्ञांनी येथील भाताचे हजारो देशी वाण गोळा केले, आणि तो संग्रह रायपूरच्या कृषी विद्यापीठात सांभाळला गेला आहे. अशा मुलखात कष्टकऱ्याची न्याहारी भाताचीच असणार. शिजविलेला भात पाण्यात घालून त्याच दिवशी खाल्ला तर ते ‘बोरे’, आणि रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी खाल्ला तर ती ‘बासी’. काशाच्या बटकीत बासी घ्यावी, तीत मीठ घालावे, सोबत कांदा, हिरवी मिरची, चटणी किंवा एखादी पालेभाजी असावी, असल्यास दही किंवा ताक घालावे, आणि शेवटी उरलेले आंबूस पाणी पिऊन टाकावे, असा क्रम आहे. भाताच्या पेजेला ‘पसिया’ म्हणतात. बस्तरकडे नाचणीची पेज प्रसिद्ध आहे. रानात जाताना ती वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून बरोबर नेतात. आज शर्यतीत धावणारे तरुण कमरेच्या पट्ट्याला जी बाटली अडकवितात, तिचे काम हा तुंबा केव्हापासून करीत आला आहे.

रायपुरात मे महिन्यात पारा चाळीस अंशांवर चढतो. अशा हवेत अंगमेहनत करणाऱ्याच्या घामावाटे तासाला लिटरभर पाणी सहज निघून जाते, आणि त्याबरोबर मीठही जाते. बासीच्या एका बटकीत पाणी, मीठ आणि सावकाश शक्ती देणारे पिष्ट ही तिन्ही एकत्र येतात. रात्रभर आंबल्यामुळे तिला किंचित आंबटपणा येतो. उन्हाळ्यात कोरडा घास नकोसा झाला तरी ती घशाखाली उतरते. ही पेज विदर्भातील ज्वारीच्या अंबिलीची आणि कोकणातील पेजेची सख्खी बहीण शोभावी अशी आहे.

परंतु या अन्नाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. बासी ही कोणी आरोग्यासाठी निवडलेली वस्तू नव्हती. सकाळी नव्याने चूल पेटविण्याइतके सरपण आणि वेळ नाही, आणि रात्रीचे एक शीतही वाया घालविण्याची ऐपत नाही, अशा घरांतून ती जन्मली. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांत या प्रदेशाने काय सोसले, हे जाणणारास अन्न जपण्याच्या या रीतीचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. म्हणूनच सुस्थितीतील लोक बासीकडे बराच काळ गरिबीची खूण म्हणून पाहत आले. ती खाऊन दिवसभर राबणाऱ्याचे बळ सर्वांस दिसत होते. त्या बळाचा संबंध बटकीतील पाण्याशी असेल, असे मात्र थोड्यांनाच वाटले.

खेड्यातील माणसाच्या या बळाकडे महाराष्ट्रात प्रथम लक्ष गेले ते शर्यतीच्या निमित्ताने. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ साली झाली. तेथील क्रीडासामन्यांचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे होते. १९१९ च्या सामन्यांत लांब पल्ल्याच्या शर्यतीस जे उतरले, त्यांत अनवाणी धावणारे शेतकरी होते. त्यांना शास्त्रशुद्ध शिक्षण मिळालेले नव्हते, तरीही त्यांनी घेतलेला वेळ युरोपातील धावपटूंच्या वेळेजवळ जाणारा आहे, असे दोराबजींच्या ध्यानात आले. त्यांच्या खटपटीने १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानचा छोटासा संघ गेला. त्यात बेळगावकडचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनचे ४२.७५ किलोमीटरांचे अंतर चौगुल्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत तोडले आणि त्यांचा एकोणिसावा क्रमांक आला. संघातील दुसरे मराठी धावपटू सदाशिव दातार यांस ती शर्यत पुरी करता आली नाही. परमुलखात, परक्या अन्नावर, पुरेशा साधनांवाचून मिळविलेला तो एकोणिसावा क्रमांक आजही अभिमानाने सांगावा असा आहे.

ज्या पाश्चात्त्य जगात चौगुले धावावयास गेले, तेथे त्या वेळी धावपटूच्या खाण्यापिण्याविषयी कोणत्या कल्पना होत्या, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. तहान सोसणे हा पुरुषार्थ आणि पाणी पिणे ही दुर्बलता, अशी तेथील समजूत होती. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे ऑलिंपिक मॅरेथॉन झाली. दिवस उन्हाळ्याचा, रस्ता धुळीचा, आणि पाण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. पाणी जाणूनबुजून कमी ठेवण्यात आले होते, कारण तहानेचा देहावर काय परिणाम होतो हे संयोजकांस पाहावयाचे होते. ३२ धावपटू निघाले आणि १४ पोहोचले. विजयी ठरलेला टॉमस हिक्स वाटेत पाणी मागत होता. त्याच्या मदतनिसांनी त्यास अंड्याच्या पांढऱ्या बलकातून कुचल्याचे सत्त्व, म्हणजे स्ट्रिकनीन, दिले आणि वर ब्रँडी पाजली. तो जिवंत राहिला हे त्याचे दैव. १९०८ साली लंडनमध्ये दोरांदो पिएत्री हा इटालियन धावपटू मैदानात सर्वांच्या आधी शिरला, पण त्याला दिशा समजेना. तो वारंवार कोसळला आणि पंचांनी हात देऊन त्यास रेषेपार नेले, म्हणून त्याचा विजय रद्द झाला.

१९१२ साली स्टॉकहोमला याहून दारुण प्रसंग घडला. त्या दिवशीही कडक ऊन होते. दक्षिण आफ्रिकेचे मॅकआर्थर आणि गिटशॅम हे दोघे आघाडीवर होते. गिटशॅम पाण्यासाठी थांबला. मॅकआर्थर थांबला नाही, आणि शर्यत त्याने जिंकली. अशा उदाहरणांवरून लोकांनी काय धडा घेतला असेल, हे सांगावयास नको. त्याच शर्यतीत पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो हा तरुण उन्हाने कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून त्याने अंगास मेण किंवा चरबी चोपडली होती आणि त्यामुळे घामाचा मार्ग अडला, असे पुढे सांगण्यात आले. घाम हा देहाचा शत्रू नसून देह थंड राखणारा त्याचा एकमेव सेवक आहे, ही साधी गोष्ट न जाणल्याचा हा परिणाम. रायपूरच्या शेतमजुराने भर उन्हात अंगास मेण कधीच फासले नसते.

यानंतर प्रयोगशाळा या विषयात आली. १९२४ साली अमेरिकेतील बोस्टन येथील मॅरेथॉन संपताच काही वैद्यांनी धावपटूंचे रक्त तपासले. जे फार थकून आले होते, ज्यांचे चेहरे पांढरे पडले होते, त्यांच्या रक्तातील साखर पुष्कळच उतरलेली आढळली. १९२५ च्या शर्यतीत त्याच वैद्यांनी काही धावपटूंस आधी पिष्टमय अन्न आणि धावताना गोळ्यांच्या रूपाने साखर दिली. या वेळी ते अधिक ताजेतवाने राहिले. १९६७ च्या सुमारास स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी मांडीच्या स्नायूचा सूक्ष्म तुकडा सुईने काढून दाखवून दिले, की पिष्टमय अन्नातून मिळणारी साखर ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत साठते. हा साठा जितका मोठा, तितका वेळ मनुष्य नेट धरू शकतो. तांदूळ, गूळ आणि भाकरी यांच्या पाठीशी रसायनशास्त्र उभे राहिले ते असे.

पाण्याचा आणि मिठाचा उलगडा आणखी मनोरंजक आहे. १९६० साली रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले, की आतड्याच्या भिंतीतून साखर आणि मिठातील सोडियम हे जोडीने आत शिरतात. त्यांच्यामागून पाणी ओढले जाते. म्हणजे नुसत्या पाण्यापेक्षा किंचित गोड आणि किंचित खारट पाणी देहात लवकर मुरते. १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट केड यांनी तेथील खेळाडूंसाठी पाणी, साखर, मीठ आणि लिंबाचा रस यांचे मिश्रण तयार केले आणि त्यातून ‘गेटोरेड’ हा जगभर खपणारा पदार्थ निघाला. महाराष्ट्रातील कोणत्याही गृहिणीने ते मिश्रण चाखले असते, तर हे आपले लिंबाचे सरबत आहे असेच ती म्हणाली असती.

याच तत्त्वाने पुढे लक्षावधी जीव वाचविले. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. सीमेवरील बनगावात डॉ. दिलीप महालनोबिस यांच्याजवळ शिरेतून देण्याचे द्रव संपत आले, तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून रुग्णांस तोंडाने पाजले. तीस टक्क्यांच्या घरातील मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. त्यानंतर ढाक्याच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात साखरेऐवजी तांदळाचे पीठ शिजवून तसेच द्रावण केले आणि ते पटकीत चांगले गुणकारी ठरले. तांदळाची पेज आणि मीठ! छत्तीसगडच्या चुलीवरील पसिया जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांच्या पानांवर पोहोचली, फक्त तिचे नाव तेवढे बदललेले होते.

परंतु मनुष्याचा स्वभाव असा, की एका टोकाची चूक कळली म्हणजे तो दुसऱ्या टोकास धाव घेतो. पाणी नको म्हणणारे गेले आणि पाणी जितके पिता येईल तितके प्या म्हणणारे आले. १९९६ साली अमेरिकेतील एका प्रतिष्ठित क्रीडावैद्यक संस्थेने घामाइतके, अथवा सोसेल तितके पाणी पिण्याचा उपदेश केला. वस्तुतः धोक्याची घंटा आधीच वाजली होती. १९८१ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत लांब पल्ल्याच्या शर्यतींत काही धावपटू बेशुद्ध झाले. ते तहानेने नव्हे, तर अतिरिक्त पाण्याने. रक्तातील सोडियम पातळ होऊन मेंदूस सूज आली होती. डॉ. टिम नोक्स यांनी १९८५ साली अशा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. २००२ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये याच कारणाने एका धावपटूचा मृत्यू झाला. त्याच शर्यतीतील ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता १३ टक्के लोकांत सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेले निघाले. २००५ मध्ये ही माहिती प्रसिद्ध झाली. विशेष हे, की यांतील पुष्कळ जण वेगवान नव्हते. सावकाश धावणारे, चार-चार तास वाटेत असणारे आणि प्रत्येक टेबलापाशी थांबून पिणारे असे ते लोक होते. नवख्या धावपटूस याहून मोठा इशारा कोणता असू शकेल? २००७ साली त्या अमेरिकन संस्थेनेही आपला उपदेश बदलला: वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक पाणी घटू देऊ नये, पण धावण्याअखेर वजन वाढलेले मुळीच असू नये.

शंभर वर्षांच्या या येरझारांनंतर शास्त्र जेथे स्थिरावले आहे, ते ठिकाण हरकारा आणि कासीद यांच्या भेदापाशीच आहे. जो नवखा धावपटू रायपूरच्या तेलीबांधा तळ्याभोवती किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या मैदानात पहाटे तीन ते पाच किलोमीटर धावतो, तो हरकारा आहे. त्याची धाव तासाच्या आत संपते. तेवढ्यापुरता साठा स्नायूंत असतोच. वाटेत काही खाण्याची त्यास गरज नाही आणि रंगीत गोड पेयांचीही नाही. भरपेट जेवणानंतर दोन ते तीन तास जाऊ द्यावेत. पहाटे निघावयाचे असल्यास रात्रीचे जेवण वेळेवर घ्यावे, आणि निघण्याआधी पाऊणएक तास पेलाभर पाणी आणि हवे तर एक केळे, मूठभर चुरमुरे किंवा मीठ घातलेली वाटीभर पेज घ्यावी. बासीची भरलेली बटकी शेतात सावकाश राबणाऱ्यासाठी योग्य. ती पोटात घेऊन लगेच धावू लागल्यास पोट हेलकावे खाते. तिची जागा धावून आल्यानंतरची आहे. घाम वाळल्यावर तासाभरात बासी, ताक, कांदा आणि जोडीला वरण, चणे किंवा अंडे घेतले, की पाणी, मीठ, पिष्ट आणि स्नायूंच्या डागडुजीस लागणारी प्रथिने ही सर्व देहास परत मिळतात.

ज्याची धाव तासाच्या पलीकडे जाते, तो कासीद झाला. त्यास शिदोरी हवी. तासाला तीस ते साठ ग्रॅम साखर किंवा पिष्ट त्याच्या पोटात जावे. गुळाचे दोन-तीन मध्यम खडे किंवा दोन केळी यांतून ते मिळते. दर तासाला साधारण चारशे ते आठशे मिलिलिटर पाणी पुरते. बेताच्या अंगाच्या आणि सावकाश धावणाऱ्या माणसाने खालच्या आकड्याजवळ राहावे. बराच वेळ घाम जात असेल, तर चिमूटभर मीठ आणि साखर घातलेले लिंबाचे पाणी उत्तम. यापेक्षा नेमके माप हवे असल्यास धावण्यापूर्वी आणि नंतर वजन करून पाहावे. एक किलो घटले म्हणजे सुमारे लिटरभर पाणी गेले. बस्तरात नारायणपूर ते बासिंग अशी एकवीस किलोमीटरांची शर्यत अलीकडे भरू लागली आहे. तीत उतरणाऱ्याने ही मोजमापे आधीच्या सरावातच करून ठेवावीत. शर्यतीच्या दिवशी नवे अन्न आणि नवे पेय घेऊ नये, हा नियम सर्वत्र सारखा आहे.

रायपूरच्या हवेचे स्वतःचेही काही नियम आहेत. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत सूर्य वर येण्याच्या आत धावणे आटोपावे. पावसाळा लागला म्हणजे ऊन उतरते. पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग आतून तापत राहते, म्हणून त्या दिवसांतही गती कमी ठेवावी. डोके दुखणे, अंगावर काटा येणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसताच थांबावे, सावलीत जावे आणि अंगावर पाणी ओतावे. जो भ्रमिष्टासारखा वागू लागतो, त्यास क्षणाचाही विलंब न लावता पाण्याने थंड करीत रुग्णालयात न्यावे. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने मीठ आणि गूळ यांच्याबाबत आपल्या वैद्याचे ऐकावे. बासी करतानाही पाणी स्वच्छ असावे, भांडे झाकलेले असावे, आणि सकाळची बासी दुपारपर्यंत ठेवू नये; उन्हाळ्यात शिळ्या भातात विषारी जंतू झपाट्याने वाढतात. जुन्या गृहिणी वासावरून हे ओळखीत आणि वास बदललेली बासी गुरांपुढे ठेवीत.

१ मे २०२२ रोजी, कामगार दिनी, छत्तीसगडच्या मुख्यमंत्र्यांच्या आवाहनावरून मंत्री, अधिकारी आणि नागरिक यांनी बोरे-बासी खाल्ली, आणि तिची छायाचित्रे सर्वत्र झळकली. जे अन्न एके काळी पाहुण्यापासून लपवून ठेवले जाई, ते मानाने ताटात आले. त्यात हौसेचा भाग होता, हे खरे. तरी श्रमिकाच्या अन्नाची लाज वाटू नये, हा विचार सार्वजनिक रीतीने मांडला गेला याचे मोल आहे. तथापि, नुसत्या गौरवाने भागत नाही. नागपूर ते रायपूर या वाटेवर ज्यांच्या भाल्यांची घुंगरे वाजली, त्यांनी आपले ज्ञान लिहून ठेवले नाही. ते त्यांच्या घरच्या बायकांनी मडक्यांत आणि तुंब्यांत जपले. त्या ज्ञानास प्रयोगशाळेने आज आकडे दिले आहेत आणि त्याच्या मर्यादाही दाखविल्या आहेत. दोहोंचा मेळ घालणे फारसे अवघड नाही. आपली धाव हरकाऱ्याची आहे की कासिदाची, हे पहाटे दार ओढून घेण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस विचारावे, आणि तेवढीच शिदोरी बांधावी.